रोकडे सरांचा शेरा

रोकडे सरांपुढं 'झालं' म्हणायची सोय नव्हती. "झालं? कुणी सांगितलं?" हा प्रश्न ठरलेला. चहा सांगितला म्हटलं तरी त्यांचं सुरू, "तू सांगितलास, पन चहावाल्याच्या कानावर गेला का?" पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं, हा बाबा आपल्याला छळायला आलाय.

सर बोरी बुद्रुकचे. मुंबईत एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात बरीच वर्षं काढून गावी परतलेले. कांदा करायचे आणि कुणी बोलावलं तर शिकवायला जायचे. मी ज्या दवाखान्यात लागलो होतो, तिथं गावोगावच्या तपासणी केंद्रांवरून रक्ताचे रिपोर्ट येत. केंद्रातल्या यंत्रानं पाठवलेला रिपोर्ट दवाखान्यातलं यंत्र उचलेपर्यंत रांगेत जपून ठेवायचा, यासाठी मध्ये एक सॉफ्टवेअर होतं. ते सांभाळायला सर मला तीन महिने शिकवणार, शेवटी कागदावर शेरा देणार आणि त्या शेऱ्यावर माझी नोकरी पक्की होणार. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरंच राखली. खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला, त्यामुळं अख्खं घर त्या शेऱ्याकडं डोळे लावून बसलेलं.

सर शिकवायचे मात्र झकास. एकदा म्हणाले, "तुजा आजा मेंढरं वाड्यात घेताना नुसतं दार लावायचा, का मोजायचा?"

"मोजायचा."

"मग तू बी मोज. आत किती आले, भायेर किती गेले. एक जरी कमी भरला तर जेवायला उठायचं न्हाई."

शेवटच्या आठवड्यात माझ्या हातून घोळ झाला. शिकण्यासाठी मला सरावाचं वेगळं यंत्र दिलेलं, पण आधीचा माणूस नोकरी सोडून गेल्यामुळं खरं यंत्रही माझ्याच ताब्यात होतं. सकाळी रांग तुंबली. सर नाश्त्याला खाली गेलेले, इकडं फोनवर फोन. सरावाच्या यंत्रावर रांग तुंबली की मी ती सरळ पुसून टाकायचो. तिथले रिपोर्ट खोटेच असायचे. हाताला तीच सवय. पुसली. तेवीसचा आकडा शून्यावर आला आणि नवे रिपोर्ट धडाधड जाऊ लागले. मॅनेजर साहेब म्हणाले, "सुटलं बाबा एकदाचं." मीही खूष.

सर वर आले. "तेवीस व्हते ना? कुठं गेले?"

पोचले म्हणालो असतो, तर निदान शेरा मिळेपर्यंत तरी कुणाला पत्ता लागला नसता. "पुसले, सर," मी म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हितनं गेले ते गेले. केंद्रावरच्या वहीत आकडे असत्याल. आधी साहेबांना खरं काय ते सांग, मग गाडी काढ."

साहेबांनी घ्यायचं तेवढं तोंडसुख घेतलं. मग आम्ही मोटरसायकलवर निघालो. आधी वारूळवाडी, मग घोडेगाववरून शिनोली. केंद्रावरच्या वहीतून मी रिपोर्ट पुन्हा भरायचो आणि सर शेजारी उभे राहून एकेका नावावर खूण करायचे. त्यांचा खरं तर काही संबंध नव्हता. त्यांच्या कांद्याला त्या दिवशी पाण्याची पाळी होती, हे मला फार उशिरा कळलं.

शिनोलीच्या केंद्रात एक बाई उभी होती. "भाऊ, आमच्या मामंजींचा रिपोर्ट गेला का? आपरेशन हाये. सकाळधरनं उपाशी बसल्यात, आन् दवाखान्याचा फोनच न्हाई."

मी सरांकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतो? त्यांना सांग."

"ताई, माझ्या हातून पुसला गेला."

ती "मग आता तरी नीट भरा," एवढंच म्हणाली. मी भरला. अर्ध्या तासात दवाखान्याचा फोन आला आणि म्हातारबाबांना घेऊन ती माणसं निघाली.

ऊन उतरेपर्यंत तेवीसच्या तेवीस रिपोर्ट पोचले. आता शेरा कुठं जात नाही, असं मला वाटलं. दोन दिवसांनी कागद हातात आला. 'अजून तयार नाही. आणखी तीन महिने शिकवावे.'

मी पेटलोच. "सर, मी खरं बोललो ना?"

"बोललास. म्हणून तर शिकवावं म्हणलं. खोटं बोलला असतास, तर घरी पाठवा म्हणून लिवलं असतं. पन हात लई घाईचा हाये तुजा, राव. त्यो अजून थांबाया शिकला न्हाई."

वडील माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. सरांवरचा माझा राग मात्र त्या पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या कुठं गेला. ते पुन्हा रोज येत होते, पुन्हा तेच प्रश्न विचारत होते. शेवटी 'तयार' लिहिलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. आज घर चालतंय ते त्या माणसामुळं, हे मी कुणालाही सांगतो.

आता मी शिकवतो. गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या एका मुलीच्या हातून रिपोर्ट पुसले गेले आणि तिच्या कागदावर मी पहिल्यांदा 'अजून तयार नाही' लिहिलं. ती रडली. मला दुपारी जेवण गेलं नाही. सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "निस्तराया तिच्यासंगं तू गेलतास का?"

"गेलो होतो, सर. दिवसभर."

"मग लिहायचा हक्क हाये तुला."