लडकू भोईरचे चाळीस मासे

कोन गावच्या लडकू भोईरने एकतीस वर्षं कामतघरच्या एका सायझिंगमध्ये काढली. माझे यजमान तिथे मॅनेजर होते, म्हणून मी त्याला ओळखते. सायझिंग म्हणजे सुताला खळ पाजण्याचा कारखाना. खळीतून न काढलेलं सूत लूमवर ताण सोसत नाही, पटापट तुटतं. लडकू शिजत्या खळीचा थेंब बोटांत चोळून सांगायचा, "अजून दोन मिनटं." मशीनवरचा काटा काहीही दाखवो. पुढे नवं मशीन आलं. मालकाने काटा ठेवला आणि लडकूला घरी पाठवलं.

कागदाकडे तो वळला बायकोमुळे, तेही अपघाताने. गावातल्या बचत गटासाठी जलपर्णी आणि केळीच्या सोपापासून, म्हणजे खोडाच्या सालींपासून, कागद करण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. ठकुबाईला स्कूटरवरून सोडायला हा गेला आणि मागच्या सतरंजीवर बसून राहिला. अकरा बायकांनी प्रमाणपत्रं घेतली, फोटो काढले, प्रमाणपत्रं लॅमिनेट करून भिंतीला लावली. कागद मात्र एकट्या लडकूने केला. जलपर्णी उपसायची, शिजवायची, कुटायची, टाकीत कालवायची आणि चौकटीला ताणलेल्या जाळीवर लगदा उचलून वाळवायचा. पहिला कागद त्याने मला दिला, कारण मी रोज शाईने लिहिते हे त्याला ठाऊक होतं. मी त्यावर तारीख घातली. तारखेतला आठ पसरून कोळ्यासारखा दिसायला लागला.

"लडकू, हा कागद आहे की टीपकागद?"

"कच्चा हाय वैनी. खळ न्हाय प्यायला."

पुढच्या आठवड्यात त्याने चिंचोक्याची खळ पाजलेला, वरून मेणाचा हलका हात फिरवलेला कागद आणला. शाई जागच्या जागी राहिली. म्हणजे हे खूळ माझ्याच टेबलावर सुरू झालं, ते मी नाकारत नाही.

अडचण जागेची होती. लडकूचं घर कल्याण रस्त्याला लागून. दिवसभर कंटेनर जातात आणि ओल्या कागदावर इतकी धूळ बसते की तो वाळेपर्यंत पायपुसण्याच्या रंगाचा होतो. अंजूरला खाडीच्या बाजूला भूपेश पाटलाचा एक गाळा रिकामा होता. या भूपेशच्या वडिलांनी जिथे भात लावला तिथे आज त्याची नऊ गोदामं आहेत, आणि हल्ली त्याला पर्यावरणाची काळजी वाटते. दहावं गोदाम बांधेपर्यंत तरी ती वाटत राहील असा माझा अंदाज आहे. त्याने लडकूला गाळ्याची किल्ली दिली आणि म्हणाला, "लडकूकाका, हेमाली मॅडमचा प्रोग्राम झक्कास झाला तर गाळा तुझा. भाडं नको. नाय झाला तर कार्टनवाला मागतोच आहे."

लडकूने त्याच दिवशी टाकी गाळ्यात नेली. एवढा आनंद मी त्याला मुलीच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता.

हेमाली मॅडम मुंबईच्या कलावंत. त्यांची पर्यावरण-कला अशी: जलपर्णीच्या कागदाचे चाळीस मासे करायचे, भरतीला खाडीत सोडायचे, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत ते विरघळून निसर्गाला परत जायचे. खाडीतून उपसलेली जलपर्णी खाडीतच टाकायला दोन महिने आणि अडीचशे निमंत्रणं का लागावीत, हे मला समजलं नाही. आमच्या शाळेतल्या नन्स चुकलेलं काम पुन्हा करायला लावत, पण त्याला कला म्हणत नसत.

पहिला मासा हेमालीने शेपटीला धरून उचलला आणि शेपटी तिच्या हातात आली.

"काका, हे फाटतात! जरा स्ट्राँग करा ना."

"मंग खळ पाजावी लागंल. पाजली तं पान्यात इरघळायचं न्हाय."

"नाही हं, विरघळायलाच पाहिजेत. तेच तर आर्ट आहे."

"म्हंजे हातात टिकायचं न पान्यात मरायचं?"

"एक्झॅक्टली! काका, तुम्ही मॅजिशियन आहात." एवढं बोलून ती फोनवर बोलत बाहेर गेली.

ठकुबाई कोपऱ्यात केळीचा सोप चिरत होती. "कर आता जादू," ती म्हणाली. "एकतीस वरसं सायझिंगमंदी टोपीतून ससंच काढत व्हतास ना!"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी गाळ्यात गेले, तर चाळीसही मासे खळ पिऊन, मेण लावून दोरीवर वाळत होते. कडक, तकतकीत. टिचकी मारली की वाजत होते.

"हेमालीला सांगितलंस?"

"तिला फाटका नको व्हता."

"आणि विरघळायचं काय?"

लडकूने दोरीकडे पाहिलं. "इरघळतील वैनी. कडंकडंनं." सुताचा माणूस इतकं वाईट खोटं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी, १६ फेब्रुवारीला, सव्वाचारला भरती होती. मंडप, माइक, गादीच्या खुर्च्या, सगळं भूपेशचं. हेमालीने मासे एकेक करून पाण्यात सोडले, हातात रबरी मोजे घालून. निसर्गाशी एकरूप होताना हात खराब होऊ नयेत, बहुधा. भावना नावाच्या तिच्या मैत्रिणीने माइकवर मृत्यूबद्दल एक कविता वाचली. कविता संपली, मासे तरंगत होते. तिने ती पुन्हा वाचली. पाहुणे मान वाकडी करून बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, "प्रोसेस स्लो आहे, पण तेच सुंदर आहे." काठावर उभ्या गावातल्या एका बाईने दुसरीला विचारलं, "अगो, यो काय रबराचा हाय?"

मी घड्याळ लावून पाहत होते. एक्केचाळीस मिनिटं झाली. ओहोटी लागली तेव्हा सगळा थवा सावकाश वळला, आणि दोन मासे प्रमुख पाहुण्यांच्या बुटांपाशी चिखलात टेकले. पाहुण्यांनी एक उचलला, वाकवून पाहिला. तो वाकेना.

हेमाली रडकुंडीला आली होती. भूपेश लडकूला मंडपाच्या खांबामागे घेऊन गेला. मी त्याच खांबाशी बसले होते.

"काका, माइकवर जा आन सांग, चुकून खळ जास्त पडली. पुढच्या रविवारी कच्च्या कागदाचे परत सोडू. एवढं एकच वाक्य. गाळा तुझाच."

एकच वाक्य. या बाजारात त्याहून मोठी खोटी वाक्यं चहासोबत बोलली जातात. मला वाटलं, हा आता बोलेल, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. लडकू माइकपाशी गेला. त्याने तो आधी उलटा धरला, भावनाने सरळ करून दिला.

"खळ मी पाजली," तो म्हणाला. "इसरून न्हाय, बघून पाजली. कच्चा माल मी दिला नसता."

भाषण संपलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे पाहुण्यांना कळेना, म्हणून ते चहाकडे गेले. भूपेशने तिथेच हात पुढे केला. लडकूने खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

"सामान उद्या ने," भूपेश म्हणाला.

"आत्ताच नेतो."

टाकी न्यायला टेम्पो लागला असता, ती राहिली. चौकटी रिक्षात कोंबल्या. मागे ठकुबाई आणि मी, मांडीवर तीन-तीन चौकटी घेऊन; जाळी नाकाला टोचत होती. लडकू पुढे ड्रायव्हरला चिकटून बसला.

"जीब झिजली असती का रं तुजी?" ठकुबाईने सुरुवात केली. "त्या बयेचं मासं मरत न्हायीत, माजं मात्र मरन हाय. आता कागुद कंच्या डोक्यावर वाळवशील, माज्या?"

मी कामतघरला उतरेपर्यंत लडकूने तोंड उघडलं नव्हतं आणि ठकुबाईने मिटलं नव्हतं.