फेस न येणारं पाणी

आमच्या बदलापूर-अंबरनाथकडे पाहुणे आले की आधी पाण्याच्या ग्लासाकडे संशयाने बघतात. "तुमच्याकडे केमिकलचं पाणी ना?" अहो, वालधुनी नदीचा काळा रंग आम्हालाही दिसतो, आम्ही काय आंधळे आहोत? पण ते पाणी कोणी घरात भरत नाही. हेंद्रेपाड्यात आमच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं, आणि त्याच पाण्यावर मी सव्वीस वर्षांची झाले, अंगावर एक डाग न येता. बरं, कॉलेजात चार पुटकुळ्या आल्या होत्या. त्या सगळ्यांनाच येतात.

म्हणूनच लग्नाच्या आदल्या दिवशी मला रोगी ठरवलं तेव्हा माझं डोकंच सटकलं.

नवरा नोकरीमुळे इकडेच, अंबरनाथ पश्चिमेला राहायचा. लग्न मात्र त्याच्या गावी, घाटावर. आम्ही दोन दिवस आधी पोचलो. हळद लागली आणि नंतर आंघोळीला बोरचं पाणी. साबण लावते तर फेसच येईना. आम्हाला घरची सवय अशी की फेस आला नाही म्हणजे साबण कमी पडला. मी आपली घासतेय, घासतेय. अर्धी वडी संपवली. हळद निघाली, पण अंग चिकटच राहिलं, पुसलं तरी कातडीवर पांढरं पांढरं काहीतरी. संध्याकाळी मानेवर आणि दोन्ही हातांवर लाल चट्टे उठले. खाज तर अशी की हिरवा चुडा काढून फेकावासा वाटत होता.

नवऱ्याच्या आत्याने माझा हात धरला आणि मंडपातल्या दिव्याखाली नेला. त्या घरात तिचा शब्द शेवटचा.

"हे आधीपासून हाय का गं? खरं सांग."

"नाही आत्या, इथं आंघोळ केल्यावर झालं."

"आमच्या पाण्याला नावं ठिवू नगंस. कारखान्याच्या पाण्यावर वाढलेली तू!" मग माझ्या पप्पांकडे वळून म्हणाली, "डॉक्टरचा कागद आणा. तवर लगीन थांबवू. आन् कागद आणला तरी लांब बाह्यांचं ब्लाऊज घालायचं. चार माणसांत शोभा नको."

नवरा मंडपाच्या खांबाला टेकून उभा, मूग गिळून. बरं झालं, म्हटलं, हे ध्यान लग्नाआधीच कळलं.

पप्पा आनंदनगरला एका कारखान्यात बॉयलरवर आहेत. जातील तिथलं पाणी बाटलीत घेऊन त्यात साबण हलवून बघायची त्यांना खोडच आहे. यावरून आईने त्यांना आयुष्यभर बोल लावलेत. त्या दिवशी ते आत्याशी वाद घालत बसले नाहीत. प्रवासासाठी घरून भरून आणलेल्या पाण्याची एक बाटली उरली होती, ती काढली. दुसरीत बोरचं पाणी घेतलं. दोन्हींत नखाने साबण खरवडून टाकला आणि सगळ्यांसमोर हलवल्या. आमच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आला. बोरच्या पाण्यात नासलेल्या दुधासारखा चोथा.

"हा चोथा तिच्या अंगावर बसलाय," पप्पा म्हणाले. "पाणी जड आहे तुमचं. असल्या पाण्याने बॉयलरच्या लोखंडी नळ्यांत दगड साचतो. ही तर माझी पोरगी आहे."

बायका पुढे सरकून बाटल्या बघायला लागल्या. आत्या काही जागची हलली नाही. "मग आमच्या पोरींना का न्हाई होत? जलमभर ह्याच पाण्यानं न्हातोय आम्ही."

आता मला राहवेना. "लग्न थांबवायचं तर खुशाल थांबवा. पण मला रोग आहे म्हणून नाही थांबवायचं. आणि बाही मी बोटभरही लांब करणार नाही. हे चट्टे मी माहेरून आणले नाहीत, तुमच्या अंगणात मिळालेत. बघू दे चार माणसांना!"

तेवढ्यात मागे बसलेली माझी होणारी नणंद उठली. भर मे महिन्यात तिच्या बाह्या मनगटापर्यंत. त्या तिने कोपराच्या वर सरकवल्या. कातडी भेगाळलेली, दोन-तीन ठिकाणी रक्त सुकलेलं.

"होतं की," ती म्हणाली. "आत्या, तूच सांगत फिरलीस, हिचं रक्तच खराब हाय म्हणून. त्याच्यापायी माझं ठरलेलं स्थळ गेलं."

आणि मला माझीच लाज वाटली. मी एका दिवसाच्या खाजेवर एवढी भांडले होते. ही पोरगी लहानपणापासून बाह्यांत हात लपवून गप्प बसली होती.

डॉक्टरचा कागद पुन्हा कोणी मागितला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी नवरा तालुक्याहून मोटरसायकलवर फिल्टरच्या पाण्याचे दोन जार घेऊन आला. एक माझ्या खोलीच्या दारात ठेवला. उशिरा का होईना, हलला एकदाचा. दुसरा त्याने बहिणीपुढे ठेवला.

"मला कधी सुचलंच नाही गं," तो म्हणाला. "इथं आलो की माझंही अंग खाजतं. पण मी चार दिवसांत परत जायचो."

"तू जायचास," ती म्हणाली. "मी इथंच होते."

जार उचलून ती न्हाणीत गेली. अक्षता पडल्या तेव्हा करवली म्हणून ती भावाच्या मागे उभी होती, माझं आखूड बाह्यांचं ब्लाऊज घालून, सगळ्या गावासमोर.