शेवटच्या कडव्यातलं नाव

चिपळूणच्या बाजारात एका चहाच्या दुकानाबाहेर मी उभा होतो. हातात करवंटी. म्हारवाड्यातल्या माणसाला आत बसायची मुभा नव्हती. दुकानदार उंचावरून करवंटीत चहा ओतायचा. आत फोनोची नवी पेटी वाजत होती, आणि त्या पेटीतून मी गात होतो.

चहा हातावर सांडला. मी ओरडलोच, "शेट, ह्यो माजा आवाज हाय!"

आतली माणसं हसली. दुकानदारानं तबकडीच्या वेष्टनावरचं नाव मोठ्यानं वाचलं. आमच्या खोतांच्या पुतण्याचं नाव. मग मला म्हणाला, "तुजा आवाज पेटीत शिरला कसा रं? तुला तर आमी दुकानात शिरू देत नाय."

"गानं मीच बांधलंय, शेट."

"मग शेवटचं कडवं ऐक की. नाव कुनाचं येतंय?"

कडवं आलं. नाव पुतण्याचंच आलं, माझ्या तोंडून. "चोराच्या उलट्या बोंबा!" आतून कुणीतरी म्हणालं. मी करवंटी खाली ठेवली आणि चालू लागलो. दुसरं काय करणार होतो?

आमच्या जाखडीची, गणपतीतल्या फेराच्या नाचगाण्याची, रीत आहे. गाणं ज्यानं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. आम्हाला लिहिता कुठं येत होतं? म्हणून नाव गाण्यातच गुंफायचं. दुसऱ्याचं गाणं गायलं तरी त्याचं नाव कुणी काढत नाही. काढणं म्हणजे पोराचा बाप बदलणं. गणपतीत गडी पायात चाळ बांधून फेर धरायचे, मध्ये ढोलकीशेजारी बसून मी गायचो. खाडीकाठच्या पाच-सात गावांत मला नावानं ओळखत. मला तेवढं खूप होतं.

खोतांचा पुतण्या मुंबईत शिकलेला. त्याला गावची गाणी तबकडीवर भरायची हौस. दाभोळहून बोटीनं त्यानं मला नेलं. आनंदानं मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू? मुंबईत एका बंद खोलीत भिंतीतून मोठा भोंगा बाहेर आलेला. "भोंग्यात तोंड घालून गा," तबकडी भरणारे म्हणाले. भोंग्याला माझा विटाळ होत नव्हता. बाजाच्या पेटीवर साथ करणारा मात्र चार हात लांब सरकून बसला.

गाण्याआधी पुतण्या जवळ आला. तोही अंतर राखूनच. म्हणाला, "शेवटी तुझं नाव नको. माझं घाल. चालीत बसतंय, मी बघितलंय."

त्यानं दम दिला नाही. हात पिरगळला नाही, शिवणारच कसा? पण मी कसत होतो ती जमीन त्याच्या चुलत्याची. घरी आई, बायको, दोन मुली. मी म्हटलं, "जी." एवढंच. मग गायलो, आणि जीव ओतून गायलो. त्याची लाज आजही वाटते. वाईट तरी गायचं होतं!

चिपळूणहून परतलो तो गणपतीच्या तोंडावर. गौरी आल्या तशी खोतांच्या अंगणात आमची जाखडी. दरवर्षीसारखं आम्ही अंगणाच्या खालच्या कडेला. ओटीवर रत्नागिरीचे पाहुणे, मध्ये पुतण्या. तो म्हणाला, "ते तबकडीवरचं गा."

गायलो. फेर रंगला. पाहुणे माना डोलवत होते. शेवटचं कडवं आलं. तोंडातून माझं नाव गेलं. मी ठरवलं होतं असं नाही. दुसरं नाव आलंच नाही.

ढोलकी थांबली. ढोलकीवर माझा चुलतभाऊ होता, त्याचे हात वरच राहिले. गडी एक फेर तसेच, नुसत्या चाळांवर, फिरले आणि उभे राहिले.

पुतण्या उठला. "पुन्हा म्हण. नीट म्हण."

"नीटच म्हनलंय, सायेब."

खोत फक्त हसले. पुढच्या पेरणीला जमीन दुसऱ्याकडे गेली. पुन्हा कुठल्याच अंगणात मला बोलावणं आलं नाही. चुलतभाऊ खोतांच्या पाया पडून आला, त्याची ढोलकी चालू राहिली. बायको म्हणाली, "एका नावापायी पोरींच्या पोटावर पाय दिलात." खरंच होतं ते. आम्ही उकड्या तांदळाच्या पेजेवर आणि परक्याच्या मजुरीवर दिवस काढले.

तबकडी अजून वाजते. बाजारात गेलो की ऐकू येते. ती फोडून मी किती फोडणार? एकीच्या शंभर आहेत, आणि शंभरांतून मीच त्याचं नाव घेतोय. आवाज परत घेता येत नाही. याचा राग येतो, आणि रागाचं काही करता येत नाही.

आता आमच्याच वाडीत गातो. म्हातारी माणसं कुरकुरतात, रीत मोडलीस म्हणून. मोडली. गाणं सुरू करताना मी शेवटचं कडवं आधी म्हणतो. आधी माझं नाव, मग बापाचं, मग वाडीचं. ते ऐकून घ्यायची ज्याची तयारी नाही, त्यानं उठून जावं. त्याच्यासाठी पुढचं गाणं नाही.