एकशे बाराची पाटी

सेवकराम यादोराव कापगते (१९२६–१९८७) हे जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत मी पोस्टमास्तर असताना माझ्या हाताखाली पोस्टमन होते. कोणते कुटुंब कोणत्या क्वार्टरमध्ये राहते, याची वही ते स्वतः ठेवीत. मात्र क्वार्टर बदलणारी माणसे दारावरची क्रमांकाची पाटी उपटून नव्या दारावर ठोकत. या प्रकाराने ते अक्षरशः हैराण होत.

१९७८ साली सत्यभामाबाई बोरकरांच्या मुलीला नर्सिंगच्या मुलाखतीचे पत्र आले. वहीप्रमाणे सेवकराम ११२ मध्ये गेले, तर तिथे नवे बिऱ्हाड. तीन दिवस शोधल्यावर १४० च्या दारावर ११२ ची पाटी दिसली. मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती.

"बाई, पाटी काहून आणली?"

"आमचा नंबर हाये तो, भाऊ. साऱ्या सोयऱ्यायले तोच ठाऊक हाये."

"नंबर घराचा रायते, बाई. उद्या गावी एकोडीले गेल्या त तिथंही हाच ठोकसान काय?"

मुलगी वेळेवर पोहोचली आणि तिची निवड झाली. सेवकरामांनी वहीत १४० अशी दुरुस्ती केली. महिन्याभराने प्रशिक्षणाला गेलेल्या मुलीचे पहिले पत्र आले. त्यावर पत्ता ११२ चाच होता. पाटी परत देण्याचे सत्यभामाबाईंनी कबूल केले होते. सेवकराम निवृत्त झाले तेव्हाही ती १४० च्याच दारावर होती.