मर्सीकाठी तांतीचा फोटो

लंडनच्या स्टॅनमोरहून निघताना मिहिकाने मला तिसऱ्यांदा विचारलं, "आत्या, तू नक्की सेफ असशील ना? बाबा म्हणतो, व्हूडू म्हणजे ब्लॅक मॅजिक असतो."

मिहिका माझ्या मामेभावाची मुलगी. जन्म लंडनचाच, मराठी घरापुरतं. तिच्या बोलण्यात जादूसुद्धा 'असतो'.

"व्हूडू नाही, व्होदून," मी म्हणाले. "त्यांचा धर्म आहे तो. आणि मी फक्त कॅमेरा उचलायला चाललेय."

हे सगळं मलाही दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. नाशिकला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. डिजिटल कॅमेरे आले आणि आमची डार्करूम महिना महिना बंद राहू लागली. ती कायमची मिटण्याआधी हाताने प्रिंट काढायची कला नीट शिकावी, म्हणून मी दक्षिण लंडनमधल्या एका कोर्सला आले होते. शिकवायला होती सेना. तिशी ओलांडलेली, लंडनमध्ये जन्मलेली, आईवडील पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाचे. विलायतेत राहून आपला जुना व्होदून धर्म सांभाळणाऱ्या माणसांचे फोटो ती तीन वर्षं काढत होती, तेही भात्याच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर, एकेक फिल्म हाताने घालून. महिन्याभराने प्रदर्शन होतं आणि सगळ्यात महत्त्वाचा फोटो राहिला होता, तिच्या थोरल्या मावशीचा. कोर्स संपला त्या दिवशी सेना म्हणाली, "मला मदतीला कुणीतरी हवंय. येशील?"

मी विचार न करता हो म्हटलं.

भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनच्या या टोकाहून निघून, पुढे बस बदलून दक्षिण लंडनमधल्या पेकमला पोचेपर्यंत दीड तास गेला. रस्त्यावर कच्च्या केळ्यांचे घड, सुक्या मासळीचा वास, विगांची दुकानं. सेनाची मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या पालिकेच्या कौन्सिल फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. तिला सगळे तांती (मावशी) म्हणत, म्हणून मीही तांतीच म्हटलं. ऐंशीच्या घरातली, उंच, गुडघ्यांनी थकलेली. इंग्रजी मोडकं, पण नजर अशी की खोटं बोलायची सोय नाही.

तिने मला आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर अत्तराच्या बाटल्या, कवड्या, टाल्कम पावडरीचे डबे, आरसा. हे मामी वाताचं ठाणं (पाण्याच्या देवीची जागा). आणि मागच्या भिंतीवर, चौकटीत, आपले दत्तगुरू. तीन मुखं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. आपल्याकडच्या कॅलेंडरवर असतात तसेच.

माझे हात आपोआप जोडले गेले.

"तू याला ओळखतेस?" तांतीने विचारलं.

"आमच्या घरात आहे हा. दत्त म्हणतो आम्ही."

"आम्ही देन्सू म्हणतो. पाण्याचा देव. माझ्या आईने शेजारच्या टोगो देशातल्या लोमेच्या बाजारात हे चित्र घेतलं होतं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग सेनाकडे वळून तिच्या फॉन भाषेत काहीतरी बोलली. सेना हसली. "म्हणतेय, हिला आणलंस ते बरं केलंस."

तांतीने जेवायला आकासा वाढला (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, पानात गुंडाळून उकडलेला गोळा), सोबत टोमॅटोच्या तिखट रश्शातला मासा. मी मासा आवडीने खाते हे पाहून तिने दुसरा वाढला. फोटो लिव्हरपूलला नदीवर, तिथल्या तिच्या पूजेच्या वेळी काढायचा होता. हात धुतल्यावर तिने अट सांगितली.

"मी आहे तोवर फोटो काढा. ती, मामी वाता, अंगात आली, की कॅमेरा झाकायचा. मी तेव्हा तिथे नसते. जी असते तिची परवानगी माझ्याकडे नाही."

सेनाने मान हलवली. मीही हलवली. मग तांती मला म्हणाली, "आणि तू माझा हात धरायचास. नदीच्या पायऱ्या ओल्या असतात, मला माझं भान नसतं."

"धरेन," मी म्हणाले.

दोन दिवसांनी आम्ही तिघी युस्टनहून लिव्हरपूलच्या गाडीत बसलो. कॅमेऱ्याची पेटी माझ्या मांडीवर. तांती खिडकीशी, तपकिरी कोटाखाली पांढरं लुगड्यासारखं वस्त्र नेसलेली. रग्बी स्टेशनच्या पुढे शेतं, मेंढ्या, कालवे सुरू झाले. ती काही पाहत नव्हती.

"लिव्हरपूलच का?" मी सेनाला हळूच विचारलं. उत्तर तांतीने दिलं. "आमच्या बेनिनमधल्या विदाच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम करून जहाजात भरून नेली. कितीतरी जहाजांचे मालक या गावात राहत होते. इथल्या पाण्याला मला सांगायचंय, की आम्ही विसरलो नाही. आता नाही आले तर कधीच येणार नाही."

लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनला उतरलो तेव्हा ऊन होतं. टॅक्सीने नदीपर्यंत पोचलो, तर आभाळ भरून आलेलं. मर्सी नदी म्हणजे खरं तर समुद्राचाच हात. पाणी मातकट, भरती चढत होती, आणि वारा असा की सेनाने तिपाईच्या पायांना दगड लावले. जुन्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. खालच्या चार पायऱ्या शेवाळाने हिरव्या झालेल्या.

सेनाने पहिली फिल्म घातली न घातली तोच पिवळ्या जॅकेटातला एक पहारेकरी आला.

"ट्रायपॉडला परमिट लागतं इथे, लेडीज."

"दहा मिनिटं," सेना म्हणाली.

"परमिट नसेल तर एक मिनिटही नाही." त्याची नजर तांतीच्या हातातल्या जिनच्या बाटलीवर गेली. "आणि हे काय चाललंय?"

सेनाचा आवाज चढू लागला. मला भीती वाटली की सगळं इथेच संपणार. खाली पायऱ्यांवर उभी असलेली तांती मात्र दोन पायऱ्या वर आली आणि शांतपणे त्याला म्हणाली, "माझी माणसं पाण्यात गेली. मी त्यांना पाणी द्यायला आलेय." तो घड्याळ पाहून म्हणाला, "मी त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. तेवढ्यात आवरा." आणि खरंच गेला.

आता घाई झाली. सेनाने दोन फोटो घेतले. दोन्ही वेळा वाऱ्याने भाता फडफडला आणि तिने शिवी हासडली. मी तांतीचा डावा कोपर धरून खाली उभी होते. तिने जिनची धार पाण्यावर सोडली. चेहऱ्याला, दंडांना पांढरी पावडर लावली. ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागली. पाणी आमच्या पायरीपासून हातभर अंतरावर होतं.

मग तिचा हात माझ्या हातात थरथरू लागला. आमच्या गावच्या देवीपुढे बायकांच्या अंगात यायचं ते मी लहानपणी पाहिलेलं, त्यामुळे मला लगेच कळलं. सेनालाही कळलं. तिने कॅमेऱ्यावर काळं कापड टाकलं आणि मान खाली घातली.

तांतीने चेहरा वर केला. ढगांच्या फटीतून उजेड आला आणि तो पांढरा चेहरा, मागे चढतं पाणी... असं काही मी वीस वर्षांत कॅमेऱ्यातून पाहिलं नव्हतं. माझ्या गळ्यात माझा छोटा फिल्म कॅमेरा होता. तो धरायला दोन हात लागत होते.

मी तिचा कोपर सोडला. एक पाऊल मागे झाले आणि बटण दाबलं.

पुढचा आवाज मला अजून ऐकू येतो. ओल्या दगडावर पाय सरकल्याचा, आणि लगेच अंग आपटल्याचा. तांती दोन पायऱ्या खाली पाण्याच्या कडेला पडली होती, हात अंगाखाली मुडपलेला. सेना किंचाळत धावली. पहारेकरी कोपऱ्यावरून पळत आला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि आम्ही तिघांनी तिला वर ओढलं. त्यानेच अॅम्ब्युलन्स बोलावली, स्वतःचं जॅकेट काढून तिच्यावर घातलं.

"काय झालं?" सेनाने मला विचारलं.

"पाय घसरला," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि खोटंही.

मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये तांती प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून झोपली, तिचे केस अजून ओलेच होते. नर्सने मला विचारलं, "तुम्ही कोण, नातेवाईक?" मी सेनाकडे बोट दाखवलं.

चौथ्या दिवशी सेनाने पेकमच्याच आपल्या घरी, न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बुजवून, फिल्म धुवायला घेतल्या. "तुझा रोलही दे," ती म्हणाली. नाही म्हणायला कारण नव्हतं. तिच्या दोन्ही मोठ्या फिल्म हललेल्या निघाल्या. मग तिने माझा ओला रोल उजेडाकडे धरला आणि एका चौकटीवर थांबली.

फोटोत सगळं होतं. चेहरा, पाणी, उजेड. आणि तांतीचा डावा हात, हवेत, आधार शोधत बाजूला गेलेला. त्या हाताशेजारी कुणी नव्हतं.

"तू हात सोडलास," सेना म्हणाली.

"हो."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नळ बंद केला, टबच्या कडेवर बसली. "मी तीन वर्षं ज्याच्या मागे आहे, तो हाच फोटो," ती म्हणाली. "तुझा मला राग येतोय. आणि तरी हा मला भिंतीवर हवाय."

"आपण तिला विचारू," मी म्हणाले. "पडण्याचंही मी सांगेन."

तांती घरी आली होती. मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं: अट मोडली, हात सोडला, तू पडलीस ती माझ्यामुळे. सेना फॉनमध्ये सांगत गेली. तांतीने आम्ही काढून आणलेली त्या फोटोची छोटी प्रिंट डोळ्यांजवळ धरली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. मग प्रिंट माझ्या हातात परत दिली. "पण ही मी नाही. ठेवायचा असेल तर हिला विचारून ये."

"हिला कसं विचारणार?"

"नाही ना विचारता येत?" एवढंच ती म्हणाली.

मी कात्री मागितली. बरोबर आणलेल्या नेगेटिव्हमधली ती चौकट कापून तिचे तुकडे केले. प्रिंटचेही चार तुकडे केले.

तांती मला रागावली नाही, आणि माफ केलं असंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि सेनाला म्हणाली, "तुझा कॅमेरा आण. आत्ता मी आहे." सेनाने खिडकीचा पडदा सारला. घरातला जुना स्वेटर, थकलेलं तोंड, हाताला प्लास्टर. तीन फिल्म घेतल्या, तिन्ही स्थिर आल्या. प्रदर्शनात त्यांतलाच एक फोटो लागला.

आठवड्याभराने मी नाशिकला परतले. नवऱ्याने फोटो मागितले, तेव्हा मी मेंढ्या, कालवे, पेकमचा बाजार दाखवला आणि मग जे दाखवता येत नव्हतं ते सांगितलं. पायऱ्यांपर्यंत आले तेव्हा तो मध्येच म्हणाला, "तो फोटो खरंच चांगला होता का?"

"हो," मी म्हणाले. "मी काढलेल्यांत सगळ्यात चांगला."

तो कापून टाकल्याचं मला दुःख आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी ऐंशी वर्षांच्या बाईने माझ्या हातात तिचा हात दिला होता, आणि त्या वेळी दुसरं काही धरायचा मला अधिकार नव्हता. इतक्या लांब जाऊन मी शिकून आले ते हेच, आणि ते मला आधीच माहीत असायला हवं होतं.