बाभूळबनातल्या सात विहिरी

मोजणीच्या कामात नकाशे कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात. नकाशे ऑफिसात जमा करावे लागतात, किस्से कुणी मागत नाही. म्हणून ते माझ्याकडं साठून राहिलेत. हे सगळे एकाच नकाशाचे आहेत.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मलकापूरच्या बाजूच्या एका गावात नवी बाजारपेठ आखायची होती. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेलच! जागा ठरली तळ्याकाठचं बाभूळबन. मोजणी करणारे ओव्हरसियर साहेब पुण्याचे, साखळी ओढणारा किसनभाऊ गावातलाच माळी आणि ऑफिसात बसून नकाशा शाईनं गिरवणारा मी.

*

पहिल्या दिवशी झाडांची यादी होती, म्हणून मीही गेलो. आंबा, चिंच असली फळझाडं तेवढी लिहायची, असा आमचा रिवाज. इथं नुसत्या बाभळी, आणि एकेकीवर बगळ्यांची दाटीनं घरटी. साहेबांनी लिहिलं, "झाडे : निरंक."

किसनभाऊ म्हणाला, "काऊन साहेब? फळ नाही म्हनून झाडच नाही काय? मंग मलेही हजेरीत लिहू नका. मलेही पोरगं नाही!"

साहेबांनी मान वर केली नाही. मला मात्र ते लागलं.

*

मोजणीची रेघ सरळ दिसावी म्हणून मधे येणाऱ्या फांद्या तोडाव्या लागतात. किसनभाऊच्या कुऱ्हाडीचा दांडा तीन दिवस रोज निसटला. चौथ्या दिवशी कुऱ्हाडच नाही!

"कुठं गेली कुऱ्हाड?" साहेब कडाडले.

"बीबी गावाले गेली, साहेब. तिथला माहा साळा आला होता, त्याले आवडली."

शेवटी वळसे घेत घेतच मोजणी झाली. किसनभाऊचं वांग्याचं वावर बनाला लागून होतं. तो मला म्हणाला, "हे बगळे माह्या वावरातल्या अळ्या खातेत अन् मजुरी मांगत नाहीत. हे बन गेलं तर मी बी गेलो समजा."

*

बगळे वरून आपलं काम करतच होते. साहेबांच्या टोपीवर पडायचं, बनात मांडलेल्या मोजणीच्या टेबलावरच्या कागदावरही पडायचं. किसनभाऊ ओल्या रुमालानं पुसायचा, आणि कागदावर गोल डाग उरायचा.

तो कागद गिरवायला माझ्याकडं आला. आमच्या नकाशात बारीक गोल म्हणजे विहीर. मी शाईनं सुबक सात विहिरी काढल्या! साहेबांनी न बघता सही ठोकली, नकाशा नागपूरला गेला आणि मंजूर होऊन आला. विहिरींमुळं बन सोडून दिलं होतं, बाजारपेठ पलीकडच्या पडीक जागेवर!

मी किसनभाऊला विचारलं, "बनात सात विहिरी आहेत, कधी बोलला नाहीस ते?"

त्यानं नकाशा पाहिला आणि हसत हसत खालीच बसला. ते बगळ्यांचे डाग आहेत हे कळलं तेव्हा मी ताडकन उठलो. नोकरी नवी होती.

"साहेबांना सांगतो मी," मी म्हणालो.

"राहू द्या ना बाप्पा." त्याचं हसू थांबलं होतं. "हात जोडतो तुमाले."

मी नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला, आणि साहेबांकडं गेलोच नाही.

*

पुढच्या श्रावणात बनात विहिरीच नाहीत अशी कुणीतरी तक्रार केली, आणि नागपूरचे मोठे साहेब स्वतः पाहणीला आले. विहिरी नसल्या तर बन तोडायचं, आणि माझी नोकरीही जाणार, हे उघड होतं. ओव्हरसियर साहेब त्याच दिवशी रजेवर!

मोठ्या साहेबांनी बनात उभं राहून नकाशा उघडला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "सात विहिरी ना? एक तरी दाखवा."

मी शेजारी उभ्या किसनभाऊकडं पाहिलं. तेवढ्यात वरून टपकन पडलं, बरोबर नकाशावर.

किसनभाऊनं सवयीनं रुमाल काढला, हळूच पुसलं आणि उरलेल्या गोल डागावर बोट ठेवलं.

"हे पाहा साहेब, आठवी इहीर!"

मोठे साहेब डागाकडं पाहत राहिले. मग वर घरट्यांकडं, मग माझ्याकडं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या डागाभोवती नीट गोल काढला.