पिस्तुलाची माशी

माझ्या मोठ्या नणंदेच्या घरून धक्का न खाता परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लग्न होऊन मी नाशिकहून रायपूरला आले, तेव्हा नणंद या प्राण्याची जेवढी भीती घालता येते तेवढी माझ्या मावश्यांनी घालूनच पाठवली होती. पण ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाशील तेव्हा लोणच्याच्या बरणीशेजारी पिस्तूल ठेवलेलं असेल, हे एकीनंही सांगितलं नव्हतं. माझा घास हातातच राहिला. "काहून घाबरून राहिली वं?" वरणावर तूप वाढत ताई म्हणाल्या, "हवेचं आहे, छर्ऱ्याचं. जेव तू." मी जेवले. काय जेवले ते आजही सांगता येणार नाही.

ताईंनी लग्न केलं नाही. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केली, माझ्या नवऱ्याला, म्हणजे धाकट्या भावाला, शिकवलं आणि निवृत्तीच्या पैशातून पहिली खरेदी म्हणून हे पिस्तूल आणलं. बाकीच्या बायकांनी बांगड्या केल्या. "जन्मभर कागदावर शिक्के मारले, आता छर्रे मारीन," हे त्यांचं स्पष्टीकरण. मागच्या अंगणात भिंतीला टेकवून एक लाकडी पेटी, तिच्यावर गोल आखलेला कागद आणि छर्रे अडावेत म्हणून पेटीत ठासून भरलेल्या जुन्या साड्या. एकदा पेटी उघडली तेव्हा मी दिवाळीला दिलेली मोरपंखी साडी मला आत दिसली. "चांगली घट्ट आहे," ताई कौतुकानं म्हणाल्या, "एक छर्रा आरपार गेला नाही." आता यावर भांडायचं तरी कसं?

नेमबाजी सुरू होण्याआधी त्या मागच्या दाराला आतून कडी घालत, मांजराला हाकलत आणि शेजारणीला भिंतीवरून ओरडून सांगत, "दीदी, अब चालू कर रही हूं!" पलीकडून "हव!" आलं की मगच छर्रा नळीत जाई. त्यांचं पिस्तूल साधं. नेम धरायला मागे एक खाच आणि नळीच्या टोकावर एक उंचवटा, त्याला माशी म्हणतात. दोन्ही पक्के बसवलेले, फिरवायला स्क्रू वगैरे काही नाही. छर्रे खाली लागत असतील तर माशी कानशीनं घासून बुटकी करायची, हा एकच इलाज, आणि एकदा घासलेली माशी पुन्हा उंच होत नाही. म्हणून कानस उचलायच्या आधी ताईंची परीक्षा असे. हात तांदळाच्या थैलीवर टेकवायचा आणि सावकाश छर्रे मारायचे. भोकं एका जागी गोळा झाली आणि तरी मधोमध नसली, तर दोष पिस्तुलाचा. विखुरली, तर दोष हाताचा. "आधी हात पाहायचा, मग हत्यार," हे त्या कुकरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला लावत. माझी पोळी करपली तेव्हा मी तव्याला नावं ठेवली, तर तव्याची बाजू घेऊन त्या माझ्याशी तासभर बोलल्या होत्या.

भावाचं मात्र एकच पालुपद होतं. एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये. ताईंचं उत्तर ठरलेलं. "ज्या दिवशी माझा नेम जाईल त्या दिवशी येईन. तोवर नाव नको काढू." नवरा रागावून चहा अर्धा टाकून उठे आणि ताई तो उरलेला चहा शांतपणे पिऊन टाकत.

गेल्या दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी गेले, तर ताई अंगणात पाटावर बसलेल्या. मांडीवर पिस्तूल, हातात कानस. आणि त्या घासत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. ताई आणि नुसत्या!

"खाली लागून राहिले वं सगळे," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले."

"मग थैलीवर हात टेकवून बघितलं का?"

त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू मार."

मी! कढईत मोहरी तडतडली तरी मागे सरणारी बाई मी. पण त्यांनी परीक्षा का टाळली होती ते लख्ख कळलं. त्यांच्या हातची भोकं विखुरली असती तर त्यांना हे घर सोडावं लागलं असतं. मी थैलीवर हात टेकवला, त्यांनी सांगितलं तसा श्वास सोडला आणि डोळे मिटायचा मोह आवरून छर्रे मारले. कागद आणला. सगळी भोकं एकमेकांना चिकटून आणि सगळी मध्याच्या बरीच खाली.

"पिस्तूलच आहे!" ताई ओरडल्या. "मले वाटलं, मीच." त्यांनी मला असं कवटाळलं की माझा चष्मा वाकला. मग कानस घेऊन माशी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माशीच्या डोक्यावर तांबडा-पिवळा खपला धरला होता. खंडेनवमीला विळी, कात्री, शिवणयंत्र यांच्या रांगेत त्यांनी पिस्तुलाचीही पूजा केली होती. ओल्या हळदीकुंकवाचं बोट नेमकं माशीवर टेकवलं होतं आणि वर अक्षत चिकटवली होती. ती वाळून माशी तांदळाच्या दाण्याएवढी उंच झाली होती. आठ दिवस बाई अक्षतेवरून नेम धरत होती! मी हसून हसून पायरीवर बसले. ताईही हसल्या. "देवीले काय माहीत वं, कुठं लावायचं नाही ते," म्हणत त्यांनी नखानं खपला काढला आणि पदरानं माशी पुसली. मी पुन्हा मारले. सगळे छर्रे मधोमध.

मग ताई बसल्या. थैलीवर हात टेकवून त्यांनी नव्या कागदावर छर्रे मारले.

मी कागद काढायला गेले आणि तिथंच थांबले. खाली एकही छर्रा नव्हता. पण एक वर, एक डावीकडे, एक पार कडेला, एक तर कागद सोडून लाकडात. मी तो कागद घडी करून पदराआड धरला. "छान आहेत," मी म्हणाले. "ह्यांना काही सांगायचं कारणच नाही."

"आण इकडं." त्यांनी घडी उलगडली आणि बराच वेळ भोकांवरून बोट फिरवलं. तेव्हा मी पहिल्यांदा ते बोट नीट पाहिलं. ते थरथरत होतं. इतके दिवस मला ते दिसलं कसं नाही, याचा धक्का मला पिस्तुलापेक्षा मोठा बसला.

"पोट्ट्याले सांग," त्या म्हणाल्या, "खोली रिकामी कर म्हणा."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, ताई आपल्याकडे राहायला येतायत. इतकी वर्षं याच वाक्यासाठी भांडलेला माणूस. मला वाटलं, आनंदानं उठेल. तो ताटावर बसल्या जागी पांढरा पडला. "काय झालं तिला?" एवढंच म्हणाला आणि जेवला नाही.

आता ताई आमच्याकडे असतात. माझ्या तव्याची बाजू घेतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थरथर थोडी कमी आहे, थोडी नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघी ब्राह्मणपाऱ्यातलं घर उघडतो, शेजारणीला हाक मारतो आणि छर्रे मी मारते. ताई मागे उभ्या राहून माझ्या कोपराखाली आपला हात देतात. तो हलतो, मग माझाही हलतो आणि छर्रा कडेला जातो.

"हात हलून राहिला वं तुया," त्या चिडून म्हणतात.

"हो ताई," मी म्हणते, आणि दुसरा छर्रा भरते.